उलटा मासा

त्याला एकही स्क्रू नव्हता.
काखेत पाहिलं, पावलांखाली पाहिलं,
झुल्मिरानं, म्हणजे माझ्या बहिणीनं,
त्याच्या कानशिलावरून नखही फिरवून पाहिलं.
नव्हताच.
सगळा नुसता दुमडलेला:
पत्र्याच्या बारीक बारीक जिभा
फटींतून पलीकडे जाऊन आडव्या पडलेल्या,
काही बोलायचं नाही असं ठरवल्यासारख्या.

मामानं जहाजावरून आणला होता, आठच दिवसांपूर्वी.
चावी दिली की चालायचा,
छातीतल्या लाल खिडकीत ठिणग्या उडायच्या
आणि मातोझिन्योशच्या आमच्या गल्लीतली पोरं
दारात दाटी करून विचारायची,
आत कोण आहे?
कोण. काय नव्हे, कोण.
त्या एका शब्दानं झुल्मिराची झोप उडाली.

पावाच्या सुरीनं तिनं पहिली जीभ उचलली.
दुसरी.
तिसरीला मी म्हणालो, आई मारेल.
ती म्हणाली, तू नुसता डबा धर.
डबा सार्डिनचा, रिकामा.
आमच्या घरात सगळंच त्या डब्यांत असायचं,
बटणं, खिळे, मीठ,
माझे पडलेले दात.

पाठ निघाली.
आत कोणी नव्हतं.
एक कमान होती, वेटोळं घालून बसलेली,
चाकं होती, एकमेकांच्या दातांत दात अडकवून,
आणि आम्ही ज्याला त्याचा जीव समजत होतो
तो निघाला चकमकीचा एवढासा तुकडा,
बाबांच्या लायटरमध्ये असायचा तसलाच,
बाबा होते तेव्हा.
झुल्मिरानं चाक बोटानं फिरवलं. ठिणगी.
पुन्हा फिरवलं. पुन्हा.
तिचं तोंड कसं झालं होतं ते मी पाहिलं नाही,
मी कमानीला हात लावत होतो,
आणि कमान सुटली.

आई आली तेव्हा आम्ही दोघं रांगत होतो,
खाटेखाली, चुलीमागे,
चाकं शोधत.
तिच्या अंगाला तेलाचा आणि माशांचा वास,
बोटांना चिंध्या. कारखान्यात डब्यांच्या कडा कापतात.
मारलं नाही तिनं.
पाठीचा पत्रा उचलून दिव्यापाशी नेला.

आतल्या बाजूला,
जिथं कुणी बघणार नव्हतं तिथं,
अर्धा मासा छापलेला होता.
उलटा, शेपटी वर.
शेजारी उभ्या ओळीत चार अक्षरं, मामाला विचारूनही न लागलेली,
चौथं मधोमध कापलेलं.

डबा होता हा, आई म्हणाली.
रोबो होण्याआधी डबा होता.
मग अंगठा फिरवला काठावरून, हळू,
आणि जरा वेळानं, कुणालाच उद्देशून नाही असं:
कडा घासल्यात यांनी.
आमच्याकडे घासत नाहीत.

रात्रभर बसली.
पत्रा तीनदा वाकतो, म्हणाली, चौथ्यांदा तुटतो.
एकदा त्यांनी वाकवला, एकदा तुम्ही,
आता मी.
पुन्हा उघडायचा नाही.
शेवटची जीभ दुमडत होती तेवढ्यात बंदरावर भोंगा झाला,
होड्या आल्या होत्या,
आणि ती एप्रन बांधत, चपला हातात घेऊन,
जिन्यावरून गेली.

सकाळी तो चालला.
डावीकडेच चालला, गोल गोल,
टेबलाच्या पायाला थडकून परत डावीकडे.
छाती अंधारीच राहिली.
पोरांनी विचारलं, आत कोण आहे?
मासा, झुल्मिरा म्हणाली.
पोरं हसली. ती हसली नाही.

ठिणगीकडे जाणारं चाक बाहेरच राहून गेलं होतं.
महिन्याभरानं चुलीमागे सापडलं, राखेत.
मी कुणाला सांगितलं नाही,
अजून माझ्याकडे आहे.
सोळा दाते.
तेव्हा माझ्या तोंडातही
बहुतेक तेवढेच होते.